गीझरचा लाल दिवा

माझ्या वडिलांना मी गीझरवाला वाटतो.

यात त्यांची फारशी चूक नाही. हे सुरू झालं त्या संध्याकाळी मी खरोखरच बाथरूममध्ये उभा होतो. गीझरच्या जोडातून पाणी ठिबकत होतं, खाली बादली होती आणि माझ्या हातात पाना होता. पाना कसा धरायचा हे मला कळत नाही, एवढ्यावरून तरी त्यांनी मला ओळखायला हवं होतं. लहानपणी मी सायकलचं चाक काढलं होतं, ते अजून परत बसायचं आहे. पण बाबा दारात आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "या, या. बरं झालं आलात. कधीचा सांगतोय हिला, माणूस बोलाव म्हणून."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"बाबा, मी आहे."

"तुम्हीच पाहिजे होतात," बाबा म्हणाले आणि आत हाक मारली, "अगं, गीझरवाले आलेत. चहा टाक."

आईने चहा आणला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "साखर किती?"

ज्या बाईने मला जन्म दिला, तिने.

तेव्हापासून रोज प्रयोगशाळेतून सुटलो की मी घरी येतो, बूट काढतो आणि गीझर दुरुस्त करायला लागतो. म्हणजे पिशवीतला पाना काढून बाथरूमच्या दारात उभा राहतो आणि अधूनमधून "हं" म्हणतो. बाबा खुर्चीतून लक्ष ठेवतात. थोड्या वेळाने मी त्यांच्याजवळ जाऊन बसतो, औषधं देतो, नखं वाढली असतील तर कापतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो. मग ते आईला कुजबुजत सांगतात (त्यांची कुजबूज दोन खोल्या सहज ओलांडते), "माणूस भला आहे गं. पण रोज जेवून जातो आणि गीझर आहे तिथेच."

त्यानंतर मी माझ्या खोलीत जाऊन झोपतो. गीझरवाला आपल्या घरात का झोपतो, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, हे आम्हीही अजून ठरवलेलं नाही.

बाबांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांचा उजवा पाय अजून नोकरीत आहे. आई स्वयंपाकघरातून जरा घाईने बाहेर आली की खुर्चीत बसल्या बसल्या तो पाय जमिनीवर दाबला जातो. आई थांबते. आता तिलाही सवय झाली आहे.

घरात सगळ्यांना त्यांनी मोटारीतलीच नावं दिली. आई क्लच, कारण तिच्याशिवाय काही पुढे सरकत नाही. मी पंक्चर, कारण लहानपणी मी रडायला लागलो की आवाज यायचा नाही, नुसती हवा सुटायची. पंक्चर, जेवलास का? पंक्चर, निकाल काय लागला? शाळेच्या फाटकात, मित्रांच्या देखत, भर रस्त्यात. तेव्हा मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. आता त्या एका हाकेसाठी मी रोज बाथरूमच्या दारात उभा राहतो. बाकी मला काही नको. आता ते मला "अहो" म्हणतात. बापाकडून एवढा मान मिळालेला आमच्या घराण्यात मी पहिलाच.

कहर म्हणजे मी याच विसरण्याच्या आजाराच्या प्रयोगशाळेत काम करतो.

मेंदू म्हटलं की लोकांना पेशी आठवतात. पेशी म्हणजे ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत बसणारी मंडळी. आमच्या मॅडम म्हणतात, "पुढच्या रांगेकडे सगळं जग बघतं. तुम्ही खुर्च्या बघा." म्हणून आम्ही खुर्च्या बघतो. पेशींच्या बाहेर प्रथिनांचं एक जाळं असतं. पेशी त्याच्यावर टेकून असतात, आणि मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही त्याच्याच आधाराने उभ्या असतात. पुस्तकात त्याला "पेशीबाह्य आधारजाल" म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याला कोणी लाडाने कधी हाक मारली नसावी. मी हे नाव पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबा क्षणभर विचार करून म्हणाले होते, "म्हणजे चॅसी. गाडी जिच्यावर उभी असते ती." तेव्हापासून घरी मी चॅसीत नोकरीला होतो.

तर काही जणांच्या बाबतीत वयाने, रक्तदाबाने, आणखी कशाकशाने हे जाळं बिघडतं. कुठे जाड आणि ताठर होतं, कुठे विरतं. मग रक्तवाहिनी वेळेला फुलत नाही, किंवा झिरपायला लागते, आणि तिच्या पलीकडच्या वस्तीला रक्त कमी पडतं. तिथले दिवे जातात. काही दिवसांनी दुसऱ्या वस्तीतले. पुष्कळदा माणूस उतारावरून घसरत नाही, पायऱ्या उतरतो. एक पायरी उतरला की बरेच दिवस तिथेच उभा. बाबा एका पायरीवर गिअरचे क्रम विसरले, एका पायरीवर कोपऱ्यावरच्या दुकानातून परत यायचा रस्ता विसरले. त्याच्या पुढच्या पायरीवर मी होतो.

या जाळ्यातलं एक प्रथिन म्हणजे कोलॅजन. हे कळल्यावर आई आपली क्रीमची डबी घेऊन आली. "यात आहे म्हणतात ते. त्यांच्या डोक्याला चोळू का?"

"आई, ते असं पोचत नाही."

"मग चेहऱ्याला तरी कुठे पोचतंय," आई म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.

आमच्या मॅडमचा प्रश्न असा की माणूस चांगला धडधाकट असतानाच या जाळ्याचे तुकडे रक्तात येऊन तरंगतात का, आणि त्यावरून पुढचा धोका आधी कळेल का. त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त आधी काढून, गोठवून ठेवावं लागतं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. धडधाकट माणसं मात्र प्रयोगशाळेत आपणहून येत नाहीत. म्हणून आमच्याकडे जो नोकरीला लागतो तो आपली माणसं आणतो. फ्रीजरमध्ये मॅडमचे सासरे आहेत, शिपायाची मावशी आहे. माझे बाबा स्वतः गाडी चालवत आले होते. एका फटक्यात गाडी लावली, बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "घ्या. पंक्चरच्या नोकरीसाठी स्वतःला भोक पाडून घेतोय."

कुपीवर नाव नसतं, आकडा असतो. कोणता आकडा कोणाचा, हे फक्त मॅडमना माहीत. मोजणाऱ्याला कळलं की त्याच्या डोळ्यांना हवं ते दिसायला लागतं, म्हणून. तेव्हा मी रोज ज्या कुप्या हाताळतो त्यातली एक बाबांची आहे, पण कोणती ते मला ठाऊक नाही. बाप मला ओळखत नाही आणि मी त्याच्या रक्ताला ओळखत नाही. हिशेब तसा चोख आहे.

फरक एवढाच, की त्या कुपीतलं रक्त मला ओळखणाऱ्या माणसाचं आहे. "पंक्चर" म्हणणाऱ्या डोक्यातून फिरून ते थेट बाटलीत आलं आणि गोठलं. कधीकधी घरी निघताना मी फ्रीजरच्या दारावर हात ठेवून उभा राहतो. एकदा मागून मॅडम आल्या.

"दार नीट लागलंय ना, बघत होतो," मी म्हणालो.

"लागलंय."

"मॅडम, एक आकडा सांगाल?"

त्यांना लगेच कळलं. "कशाला?"

"तेव्हाच काही दिसत होतं का, बघितलं असतं."

"दिसलं असतं तर?"

मी फ्रीजरच्या दारावरचा हात काढला.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "धोका हा जमावाचा असतो. एवढ्या लोकांच्या रक्तात हे जास्त असेल तर त्यांच्यातल्या जास्त जणांना होईल, इतकंच मला सांगता येईल, तेही प्रयोग जमला तर. तुझ्या बाबांनाच का, हे ती कुपी नाही सांगणार. तिला विचारूही नकोस."

"पण आमच्या घरी जमाव नाहीये, मॅडम. आम्ही तिघंच आहोत."

मॅडमनी माझ्या पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या पान्याकडे पाहिलं. घरचं सगळं मी त्यांना सांगितलेलं होतं. "जा घरी. गीझर खोळंबला असेल."

त्यानंतर मी घरी प्रयोग सुरू केले. आमच्या धंद्यात माणूस हतबल झाला की प्रयोग करतो.

नियम साधा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्यांदा मी मिशी काढली. बाबांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "काल तुमचे मोठे बंधू आले होते का? मिशीवाले? त्यांना काम जास्त येत होतं." मग पाना न घेता गेलो. "हत्यारं विसरलात?" मग जिन्यात उभं राहून घरी फोन केला, चेहरा नको, नुसता आवाज. बाबांनी फोन उचलला, माझं "बाबा" पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "नंतर करा हो. आमच्याकडे आत्ता गीझरवाला यायची वेळ झाली आहे." आणि ठेवून दिला. त्यांचं बरोबर होतं. दोन मिनिटांनी मी आलोच.

शेवटी कॉलेजातला जुना निळा स्वेटर घातला. बाबा त्याच्या बाहीकडे फार वेळ पाहत राहिले. हात पुढे करून त्यांनी कोपरावरची उसवण चाचपली.

"अगदी असाच स्वेटर माझ्या मुलाचा आहे," ते म्हणाले.

"कुठे असतो मुलगा?"

"मेंदूचं काम करतो. हुशार आहे. पण येत नाही हो. कामात असतो." मग त्यांनी माझी बाही सरळ केली. "जपून वापरा हा. लोकर चांगली आहे."

त्या दिवशी मी गीझरसमोर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ उभा राहिलो.

पण विचार करता करता मला माझ्या प्रयोगातली खोट सापडली. मी तुलनेला काहीच ठेवलं नव्हतं. बाबा मला गीझरवाला म्हणतात. ठीक. पण ते खऱ्या गीझरवाल्याला काय म्हणतात? तेही गीझरवालाच म्हणत असतील, तर त्यांच्या डोक्यात गीझरवाल्याची जागा नीट आहे आणि मी चुकून तिथे जाऊन बसलोय. म्हणजे मला तिथून उठवता येईल. प्रयोगशाळेत कुठलाही निकाल शेजारी नमुना ठेवल्याशिवाय धरत नाहीत. एका अस्सल गीझरवाल्याची नितांत गरज होती.

"म्हणजे गीझर गळतोय म्हणून नाही?" आईने विचारलं.

"तेही आहेच."

"बादली मी भरल्यावर ओततेय रोज. तू आपला नमुने गोळा कर."

गीझरवाले रविवारी आले. चांगला धिप्पाड माणूस, पन्नाशीचा, झुपकेदार मिशा, खांद्यावर हत्यारांची पिशवी, जिन्याने दमलेला. मी दार उघडून बाजूला झालो आणि श्वास रोखून बाबांकडे पाहिलं.

बाबांचा पाय ब्रेकवरून उठला. ते खुर्चीचे हात धरून उभे राहिले. इतक्या महिन्यांत ते कोणासाठी उभे राहिले नव्हते.

"काय रे पंक्चर!" ते म्हणाले. "आत्ता आठवण झाली होय बापाची?"

गीझरवाल्यांनी मागे वळून पाहिलं. मागे मी होतो. मला मागे वळून बघायलाही काही नव्हतं, दार होतं.

हाक आली होती. माझ्या नावाने आली होती, त्याच जुन्या आवाजात, शेवटचं अक्षर थोडं ओढून. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन ती एका झुपकेदार मिशांच्या माणसाला लागली. मी काय केलं म्हणाल, तर मान हलवली. हो म्हणा, अशी. दुसरं काही करण्याइतकी हवा माझ्यात उरली नव्हती.

"जिना चढायला वेळ लागला," गीझरवाले म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं आणि मोडताही घालायचा नव्हता, अशा आवाजात.

"बस, बस. किती वाळलास!"

तो माणूस खुर्चीत बसला तेव्हा खुर्ची कुरकुरली. स्वयंपाकघराच्या दारात आईने पदर तोंडाला लावला. आधी हसायला आलं म्हणून लावला होता, मग तसाच राहिला.

"काम काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

गीझरवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाथरूमच्या दारात माझ्या नेहमीच्या जागी पाना घेऊन उभा होतो. "पेशींच्या बाहेरचं बघतो, म्हणा," मी हळूच म्हणालो.

"पेशंटच्या बाहेरचं बघतो, बाबा."

"पेशींच्या. जाळं असतं."

"जाळी असतात, बाबा. ती काढतो."

बाबांनी मान हलवली. जरा वेळ ते काहीतरी शोधत राहिले. अंधारात चाचपडताना बटण सापडावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"हां," ते म्हणाले, "चॅसी."

माझ्या हातातला पाना बादलीत पडला.

"ते बघ," बाबा गीझरवाल्यांच्या कानाशी वाकले. कुजबूज अर्थातच दोन खोल्यांना ऐकू गेली. "तो पोरगा तिथे उभा आहे ना, त्याला काही येत नाही. गीझर गळतोय तसाच आहे. पण तू त्याला काढू नकोस."

"नाही काढत."

"तुला कळत नाहीये. तो रोज येतो. औषध देतो. नखं कापतो माझी. गीझरवाला नखं कापतो कधी? मी विचारत नाही, उगाच लाजेल. तू कामात असतोस, मला कळतं, मी काही म्हणत नाही. पण तो असला की तुझी वाट बघणं सोपं जातं रे."

बादलीत एक थेंब पडला.

"नाही काढणार, बाबा," गीझरवाले म्हणाले, आणि या वेळी ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मग ते "जरा हात धुऊन येतो" म्हणून उठले आणि बाथरूममध्ये माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. गीझरखाली बोट फिरवलं. ते पुन्हा धंद्यावर आल्यामुळे मला जरा बरं वाटलं.

"वायसर गेलाय. एवढंच आहे. आत्ता होईल."

"करू नका," मी म्हणालो.

"काय?"

"दुरुस्त झाला तर उद्या मी कशाला येऊ?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बाहेर बाबा आईला सांगत होते, पंक्चर जेवून जाईल, ताट घे.

"गळका ठेवून मी जिना उतरणार नाही," गीझरवाले म्हणाले. "ते माझ्याच्याने व्हायचं नाही." त्यांनी पिशवीतून नवा वायसर काढून बसवला, जोड आवळला, फडक्याने पुसला. थेंब थांबला. इतके महिने ऐकलेला तो आवाज थांबल्यावर घर एकदम रिकामं वाटलं. मग त्यांनी पुढचं झाकण उघडलं, आतला लाल दिवा हलक्या हाताने सोडवला आणि झाकण परत लावलं.

"पाणी तापेल," ते म्हणाले. "दिवा तेवढा लागायचा नाही. बघणाऱ्याला वाटेल, बंदच आहे."

दिवा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. शेंगदाण्याएवढा होता. मी खिशात टाकला.

बाबांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. गीझरवाले माझ्या खुर्चीत बसले, मी पाहुण्यांच्या. सूप आणि पाव होता. बाबांनी आपल्या हाताने त्यांच्या ताटात पाव वाढला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही घ्या हो, संकोच करू नका." निघताना बाबा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, आईचा हात न धरता.

"वळणावर हॉर्न दे. आणि फोन करत जा, पंक्चर."

"करतो, बाबा." बाबांच्या खांद्यावरून गीझरवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते जिना उतरायला लागले. पावलं पार खाली जाईपर्यंत बाबा कठड्याशी कान देऊन उभे होते.

मग ते येऊन खुर्चीत बसले. पाय हळूहळू आपल्या जागी गेला. माझ्याकडे लक्ष गेलं.

"काय हो, झालं का काम?"

बाथरूममध्ये आईने नळ सोडला होता. आरशावर वाफ धरायला लागली. तिने वाहत्या पाण्याखाली हात धरला, वर त्या विझलेल्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नळ बंद केला.

"दिवा लागत नाही अजून," मी म्हणालो.

बाबांनी लांबूनच गीझरकडे पाहिलं. खात्री करून घेतली.

"मग उद्या यावं लागेल तुम्हाला."

"येतो."

"जरा लवकरच या. मुलगा काही उद्या यायचा नाही, त्याला काम असतं."

"बरं. पाना इथेच ठेवून जाऊ का?"

"ठेवा की," बाबा म्हणाले. "विचारता काय? घर तुमचंच आहे."